काबुकी-झामधील एक दुपार



मल्हारगंजातील आमच्या वाड्यात 'नाटक' हा शब्द कोणी उच्चारला, की तो विषय माझ्या आजोबांच्या मालकीचा, असे समजण्याची रीत होती. आजोबांना आम्ही नाना म्हणत असू. नाना होळकर सरकारच्या एका खात्यात कारकून होते. तरुणपणी दर वर्षा-दोन वर्षांनी ते 'आत्याबाईंची प्रकृती पाहून येतो' असे घरी सांगून मुंबईस जात आणि गंधर्व नाटक मंडळीचे खेळ पाहून परत येत. आत्याबाई पुढे नव्वद वर्षांपर्यंत ठणठणीत जगल्या, हा भाग निराळा. 'एकच प्याला' त्यांनी चार वेळा पाहिले होते. रात्री जेवणे आटोपली म्हणजे ओट्यावर बसून ते उपरण्याचा पदर डोक्यावरून घेत आणि सिंधू पदर कसा सावरी, दाराशी पाऊल वाजले की मान कशी वळवी, हे आम्हा मुलांना करून दाखवीत. दळण संपल्यावर सिंधू जात्यावरून कशी उठते, तेही एकदा दाखवीन, असे त्यांनी मला कबूल केले होते. 'त्याला जरा जागा हवी, रात्रीची वेळ नको,' असे म्हणून ते दर वेळी पुढे ढकलीत.

१५ जुलै १९६७ रोजी पुण्यास बालगंधर्वांचे निधन झाले. ती बातमी नभोवाणीवर लागली तेव्हा घरातील सारी मंडळी माजघरात होती. नाना डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने ते इतकेच म्हणाले, 'सिंधू गेली.' मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. कॉलेजात नुकताच गेलो होतो, आणि त्या वयात माणसाला जे शहाणपण येते ते मलाही पुरेपूर आले होते. मी म्हणालो, 'नाना, मिशा काढलेल्या पुरुषाला बाई समजून रडायचे, यात कसले आले हो सुख?' माझे थोरले बंधू हसले. स्वयंपाकघरातून आईही हसली असावी. नाना रागावले नाहीत. त्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला आणि ते उठून आत गेले. त्यानंतर सात वर्षे ते हयात होते. पण माझ्याशी नाटकाविषयी ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

हा जुना कौटुंबिक प्रसंग आज आपणांस सांगावासा वाटतो, याचे कारण दोन वर्षांपूर्वी टोकियो शहरात मी घालविलेली एक दुपार.

माझी कन्या तेथे नोकरीनिमित्त राहते. टोकियोच्या पूर्वेस एडोगावा नावाचा विभाग आहे. त्यातील निशी-कासाई भागात आपल्याकडील इतकी कुटुंबे वसली आहेत, की तूरडाळीसाठी वा गोडा मसाल्यासाठी फार धावाधाव करावी लागत नाही. एके दिवशी ती म्हणाली, 'बाबा, देवळे झाली, बागा झाल्या. आता तुम्हांला काबुकी दाखवायची आहे.' मी फारसा उत्सुक नव्हतो. भाषा कळणार नाही, तीन-चार तास बसवणार नाही, असे दोन-तीन बहाणे मी पुढे केले. परंतु त्या नाट्यगृहात संपूर्ण खेळाचे तिकीट न घेता एकेका अंकापुरते तिकीट घेण्याची सोय आहे, असे सांगून तिने माझे तोंड बंद केले. आदल्या दिवशी तिने दोन अंकांची तिकिटे काढून ठेवली. कायाबाचो स्थानकावर भुयारी गाडी बदलून आम्ही हिगाशी-गिंझा येथे उतरलो. नाट्यगृहाचे तळघर त्या स्थानकालाच जोडलेले आहे. तळघरात दुकानांची बरीच दाटी आहे. मध्यंतरात खाण्याचे डबेही तेथे मिळतात. भाताच्या मुदी आणि भोवती लहान लहान पदार्थ अशा त्या डब्यास 'माकुनोऊची' म्हणतात, म्हणजे दोन पडद्यांच्या मधले. आपल्या नाट्यगृहांत मध्यंतरी बटाटेवड्याचा जो मान, तोच तेथे या डब्याचा!

काबुकी-झा हे त्या नाट्यगृहाचे नाव. ते प्रथम १८८९ साली उघडले. १९२१ साली विजेच्या दोषाने लागलेल्या आगीत ते जळाले. पुनर्बांधणी चालू असता १९२३ च्या महाभूकंपाने आणि त्यापाठोपाठच्या आगीने तीही गेली. १९२४ साली पुरे झालेले नाट्यगृह १९४५ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले. १९५१ साली ते पुन्हा उभे राहिले. २०१० साली ते पाडण्यात आले आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये आजची वास्तू खुली झाली. मागे एकोणतीस मजली कार्यालयांची इमारत आणि तिच्या पायाशी जुन्याच घाटाचे, कमानदार छपराचे, दर्शनी भागी जांभळा पडदा आणि लाल कंदील मिरविणारे हे नाट्यगृह, असे चमत्कारिक जोडकाम तेथे पाहावयास मिळते. आमच्या राजवाड्याला १९८४ साली आग लागली, तेव्हा धूर पाहत उभा असलेल्यांपैकी मी एक होतो. जळालेली वास्तू पुन्हा उभारताना किती वाद होतात आणि किती वर्षे जातात, हे इंदूरकरांस निराळे सांगावयास नको. तेव्हा एकाच जागी, एकाच नावाने हे घर इतक्या वेळा बांधले गेले, याचेच मला प्रथम अप्रूप वाटले.

एका अंकाच्या प्रेक्षकांची जागा चौथ्या मजल्यावर, अगदी मागे. तेथील तिकिटावर खालच्या मजल्यांवर जाता येत नाही. आपल्या जुन्या नाट्यगृहांतील पिटाला उचलून छपराखाली नेऊन ठेवावे, तसा हा प्रकार. परंतु नाटकाचे खरे दर्दी तेथेच बसतात, असे मागाहून कळले. समोर काळा, पिकलेल्या तेंडूफळासारखा तांबूस आणि हिरवा अशा उभ्या पट्ट्यांचा पडदा होता. हा पडदा वर जात नाही. लाकडाच्या दोन दांडक्यांचा टाळ वाजू लागतो, तो जलद होत जातो, आणि एक माणूस पडद्याची कड हाती धरून धावत तो बाजूला नेतो. रंगमंचापासून निघून प्रेक्षकांच्या मधून थेट नाट्यगृहाच्या मागील टोकापर्यंत जाणारी एक उंच वाट डाव्या हाताला आहे. तिला 'हानामिची' म्हणजे पुष्पमार्ग म्हणतात. महत्त्वाची पात्रे या वाटेने येतात आणि जातात. आम्ही बसलो होतो तेथून तिचा रंगमंचाजवळचा तुकडा तेवढा दिसत होता.

पहिला खेळ नृत्याचा होता, 'फुजी मुसुमे'. फुजी नावाची एक वेल आहे. आपल्याकडील बहाव्यास जसे पिवळे घोस लोंबतात, तसे हिला जांभळे. त्या फुलांची कन्या, असा नावाचा अर्थ. आरंभी नाट्यगृहात पूर्ण काळोख. त्या काळोखातच गायक आणि शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजविणारे सुरू झाले. आणि एकाएकी सर्व दिवे लागले. प्रचंड पाइन वृक्ष, त्यावरून माणसाच्या उंचीहून मोठाले जांभळे घोस, आणि त्यांच्या खाली काळी टोपी घातलेली, खांद्यावर फुलांची फांदी घेतलेली एक युवती. सारे प्रेक्षागृह एकदम श्वास सोडल्यासारखे झाले.

ती युवती म्हणजे एक पुरुष होता. मला ते ठाऊक होते. घरून निघतानाच ठाऊक होते. पहिली काही मिनिटे मी, खरे सांगावयाचे तर, तोच पुरुष शोधीत होतो. मनगट जाड आहे का, मान रुंद आहे का, असे पाहत होतो. मग ते पाहणे केव्हा सुटले ते समजले नाही. ती थोडे मद्य घेते, तिला किंचित चढते, न आलेल्या प्रियकरावर ती लटके रागावते. तिने बाहीच्या टोकाने तोंड झाकले आणि पाठ फिरवून खांद्यावरून मागे पाहिले. नानांनी ओट्यावर उपरणे घेऊन मान वळविली होती, ती मला त्या क्षणी दिसली. सत्तर पावसाळे पाहिलेला मी, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेजारी कन्या बसली होती. तिने हातरुमाल पुढे केला. भाषा कळणार नाही, हा माझा बहाणा असा वाहून गेला.

स्त्रीभूमिका करणाऱ्या नटास तेथे 'ओन्नागाता' म्हणतात. ही कला अभ्यासाची आहे. खांद्यांची पाती मागे खेचून खाली दाबायची म्हणजे खांदे अरुंद दिसतात. गुडघ्यांत कागद धरून तो पडू न देता चालण्याचा सराव करावयाचा. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाली योशिझावा आयामे नावाचा एक थोर ओन्नागाता होऊन गेला. रंगमंचाबाहेरही स्त्रीसारखेच राहिल्याखेरीज ही भूमिका साधत नाही, असे त्याचे सांगणे होते. आजच्या काळातील सर्वांत नामांकित ओन्नागाता बांदो तामासाबुरो हे तर नटघराण्यात जन्मलेलेही नव्हेत. ते दत्तक गेले आणि शिकले. २०१२ साली जपान सरकारने त्यांना राष्ट्राची जिवंत संपत्ती म्हणून गौरविले.

गंमत अशी, की या कलेचा आरंभ एका स्त्रीने केला. इझुमो येथील ओकुनी नावाच्या स्त्रीने १६०३ च्या सुमारास क्योतो येथे कामो नदीच्या कोरड्या पात्रात नृत्ये केली, तेथून काबुकीचा इतिहास सांगतात. १६२९ साली सरकारने नीतिरक्षणाच्या नावाखाली स्त्रियांना रंगमंचावर मनाई केली. मग कोवळी मुले स्त्रीवेष घेऊ लागली. १६५२ साली त्यांनाही बंदी झाली, आणि कपाळावरचे केस काढलेल्या प्रौढ पुरुषांवर हे काम येऊन पडले. म्हणजे ज्या कलेने मला रडविले ती एका अन्यायातून निघाली, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे सरकारी हुकूम नव्हता. समाजाचा होता, आणि तो अधिक कडक होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे हे घराण्याचे नाक कापण्यासारखे मानले जाई. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आल्या. तेव्हा कोठे ते दार उघडले. ते उघडले हे योग्यच झाले. त्या स्त्रियांनी आपली रंगभूमी किती वाढविली, हे सांगावयास मी नको. बालगंधर्वांची नक्कल करणारे नट आजतागायत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीपार्ट करीत राहावयास हवे होते, असे म्हणणारा मी नव्हे.

मग मला सलते आहे ते काय? जपानातही नवे नाटक आले. मात्सुई सुमाको या नटीने १९११ साली इब्सेनची नोरा केली आणि तेथेही खळबळ उडाली. पण त्या नव्या नाटकाने आपले घर निराळे बांधले. काबुकीचे घर काबुकीकडेच राहिले. आपल्याकडे नवे आले ते जुन्याच्याच पाटावर येऊन बसले, आणि जुन्याला ओसरीवर जावे लागले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या, बिऱ्हाडे मोडली, शालू आणि पडदे लिलावात गेले. बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांवर राहिला. आमच्या इंदुरापासून जवळच, देवासास राहणाऱ्या कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम करून त्या गाण्याचे ऋण फेडले. पण त्यांचे चालणे, बसणे, पदर घेणे? ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत राहिले, आणि ते डोळे एकेक करून मिटले.

कोणी म्हणेल, जपानी लोक परंपरेचे मोठे भक्त, म्हणून त्यांचे टिकले. मला तसे वाटले नाही. भक्ती आपल्याकडे काय थोडी होती? तेथे व्यवस्था आहे. काबुकी-झा चालविणारी शोचिकु ही मंडळी १८९५ पासून व्यापारच करते. तेथे जवळजवळ दर महिन्याला नवा कार्यक्रम लागतो, तो पंचवीसएक दिवस दुपारी आणि सायंकाळी चालतो, आणि लोक तिकीट काढून येतात. राष्ट्रीय रंगभूमीची स्थापना १९६६ साली झाली. नटांच्या घराण्यात न जन्मलेल्या मुलांनाही शिकवावे म्हणून तिने १९७० पासून वर्ग चालविले आहेत. घराण्याचे नाव मुलाला वा दत्तकाला समारंभपूर्वक देण्याची चाल आहे. इचिकावा दांजुरो हे नाव २०२२ साली तेराव्या नटास मिळाले. तेरावा दांजुरो! आपल्याकडे दुसरा बालगंधर्व म्हटले की ती थट्टा होते.

येथे मला माझे एक विधान दुरुस्त केले पाहिजे. आपले सारेच गेले असे नाही. कोकणातील दशावतारात देवळाच्या जत्रेला रात्रभर चालणाऱ्या खेळात पुरुष आजही राणी होतो, आणि समोर बसलेल्या आयाबाया त्या राणीच्या दुःखाने पदर डोळ्यांना लावतात. त्यांना कोणी 'यात कसले सुख' म्हणून विचारीत नाही. आम्ही शहरांतली शिकलेली मंडळी तिकडे लोककला म्हणून कौतुकाने पाहतो आणि मोटारीने परत येतो.

दुसरा अंक 'कांजिंचो'. हे नाटक १८४० साली सातव्या दांजुरोने प्रथम केले. कथा आपल्यास जवळची वाटेल. योशित्सुने हा पराक्रमी सरदार भावाच्या रोषामुळे पळतो आहे. त्याचा सेवक बेन्केई आणि आणखी काही जण यात्रेकरू संन्याशांचा वेष घेऊन निघाले आहेत. धनी मात्र हमालाच्या वेषात आहे. नाक्यावर तोगाशी नावाचा अधिकारी त्यांना अडवितो. देवळासाठी वर्गणी गोळा करीत आहोत, असे बेन्केई सांगतो. मग वर्गणीची यादी वाचून दाखवा! बेन्केई कोरी गुंडाळी उलगडतो आणि खणखणीत आवाजात, नसलेली अक्षरे वाचू लागतो. तोगाशी वाकून डोकावण्याचा यत्न करतो. बेन्केई गुंडाळी झटक्याने छातीशी धरतो, आणि दोघेही जागच्या जागी थिजतात. पुढे हमालाविषयी संशय येतो, तेव्हा बेन्केई धन्यालाच काठीने बडवितो. सेवक धन्यावर हात उगारील हे त्या काळी कल्पनेतही येण्यासारखे नव्हते. तोगाशीला सारे उमगते. उमगूनही तो त्यांना सोडून देतो. आग्र्याहून सुटकेच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना यातील मर्म फोडून सांगावयास नको.

नट जेथे असा थिजतो, डोळे तिरपे करून क्षणभर चित्रासारखा राहतो, त्यास 'मिए' म्हणतात. अशा एका क्षणी माझ्या मागच्या रांगेतून एक म्हातारा एकदम ओरडला. मी दचकलो. कोणी भांडते आहे की काय, असे वाटले. कन्येने कानात सांगितले, की तो त्या नटाच्या घराण्याचे नाव पुकारतो आहे. ही तेथील दाद. दांजुरोच्या घराण्यास 'नारिताया' अशी हाक मिळते, इतरांस त्यांच्या त्यांच्या घराण्याची. ती नेमक्या क्षणी पडावी लागते. एक पळ आधी पडली तर नटाचा मिए बिघडतो, एक पळ उशिरा पडली तर म्हाताऱ्याची अब्रू जाते. असे हाक मारणारे दर्दी बहुधा शेवटच्या, सर्वांत स्वस्त जागेवर बसतात. मला आमचा 'वन्समोअर' आठवला. नाना सांगत, की एकाच पदाला वन्समोअर घेत घेत खेळ पहाटेपर्यंत लांबे. आमच्या शहरात 'सानंद'च्या वतीने मराठी नाटके नियमाने होतात, प्रेक्षागृह भरलेले असते, आणि आम्ही अंक संपल्यावर शिस्तीने टाळ्या वाजवितो. ओरडणे आता असभ्य समजले जाते. त्या म्हाताऱ्याचा मात्र मला हेवा वाटला.

शेवटी सारे पुढे निघून जातात आणि बेन्केई एकटा मागे राहतो. तो हानामिचीवर येतो, मोठमोठ्या उड्या घेत, एका पायावर तोल सावरीत धन्यामागे निघतो. आम्हांस वरून त्याच्या पहिल्या दोन-तीन उड्या दिसल्या, मग तो नजरेआड झाला. त्यापुढे लाकडाच्या ठोक्यांचा आवाज, पावलांचा धडधडाट आणि खालच्या प्रेक्षकांचा गजर एवढेच ऐकू येत राहिले.  नट नमस्काराला पुन्हा बाहेर आला नाही. तशी तेथे चाल नाही.

परतताना गाडीत गर्दी नव्हती. कन्येने भ्रमणध्वनीवर बालगंधर्वांची जुनी तबकडी शोधून लावली, कर्णयंत्राचा एक तुकडा माझ्या कानात घातला आणि दुसरा आपल्या. खरखरीतून तो आवाज येऊ लागला. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, 'बाबा, आवाज कळला. पण ते रंगमंचावर वावरत कसे असतील हो? आजच्या त्या नटासारखे?'

मी तिला पदराची गोष्ट सांगितली, मान वळविण्याची सांगितली. जात्यावरून उठण्याची गोष्ट आली तेव्हा म्हणालो, 'ते नाना मला दाखविणार होते.' ती पुढे काही विचारणार होती, तोच निशी-कासाई आले आणि आम्ही उतरलो.